दिवाळीत सापडलेला पाळीव कुत्रा: मालकाचा शोध कसा घ्यावा आणि तोपर्यंत काय करावे?

प्रश्न (राजेंद्रनगर, इंदूर)

नमस्कार. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा जोर ओसरल्यावर आमच्या इमारतीच्या जिन्याखाली पांढऱ्या, लांब केसांचा एक वयस्क कुत्रा येऊन बसलेला दिसला. आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरियन म्हणतात, तशा जातीचा तो आहे. गळ्यात पट्टा नाही, पण मानेभोवतीचे केस पट्ट्याच्या रुंदीएवढे दबलेले आहेत. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूसारखी पांढुरकी छटा आहे, कानांच्या मागे गोचिडी आहेत आणि मागच्या पायांवरच्या केसांच्या जटा झाल्या आहेत. स्वभावाने तो अतिशय शांत आहे, घरात कुठेही घाण करत नाही, लघवीला जायचे असले की दारापाशी जाऊन उभा राहतो आणि ‘बैठ’ म्हटले की लगेच बसतो. मराठीत बोललेले मात्र त्याला कळत नाही, त्यामुळे तो हिंदी बोलणाऱ्या घरातला असावा असे वाटते.

सध्या मी त्याला आमच्या मागच्या खोलीत ठेवले आहे. शेजाऱ्यांचे म्हणणे असे की म्हातारा झाला, डोळा गेला, म्हणून कोणीतरी सणाच्या गर्दीत आणून सोडून दिला असणार. मालक शोधण्यात अर्थ नाही. आमच्या इमारतीचे सचिव म्हणतात की त्याला लवकरात लवकर दुसरीकडे हलवावे. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटात छायाचित्र टाकले, त्यावर हळहळ पुष्कळ व्यक्त झाली, पण माहिती काहीच मिळाली नाही. एक गृहस्थ मात्र आले, ‘हा आमचाच’ म्हणाले. परंतु त्यांनी मारलेल्या हाकेला कुत्र्याने मानही वळवली नाही. मी लसीकरणाचे पुस्तक घेऊन यायला सांगितले, ते परत आलेले नाहीत.

माझ्या घरी माझी स्वतःची कुत्री आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे आणि वयस्कर सासूबाई आहेत. आधी काय करावे, मालकाचा शोध कुठे आणि किती काळ घ्यावा, कोणी आलेच नाही तर त्याला ठेवून घेण्याचा मला अधिकार आहे का, आणि आमच्या घरातल्यांना त्याच्यापासून काही धोका आहे का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ (पशुवैद्य, इंदूर)

ताई, आपण लिहिलेल्या खुणांवरून हा कुत्रा अगदी अलीकडेपर्यंत घरात राहत होता हे स्पष्ट आहे. त्याला टाकून दिला असेल, हा निष्कर्ष मात्र मी इतक्या लवकर काढणार नाही. मोतीबिंदू झालेल्या कुत्र्याला अंधारात अंतराचा अंदाज येत नाही, उतारवयात काही कुत्र्यांची स्मृती आणि दिशेची जाण मंदावते, आणि अशा कुत्र्याच्या जवळ सुतळी बॉम्ब फुटला तर तो उघड्या दारातून निघून वाट फुटेल तिकडे धावत सुटतो. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आमच्याकडे असे कुत्रे दरवर्षी येतात. आपल्या शहरात रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीची मिरवणूक यांनंतरही हेच घडते. गोचिडी आणि जटा यांवरूनही मालकाची परीक्षा करू नये. गोचिडी मोकळ्या जागेत काही दिवस राहिल्यानेही अंगभर होतात, आणि म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे दुखत असल्यामुळे तो मागच्या पायांना फणी लावू देत नाही, हे पाळणाऱ्यांना ठाऊक असते.

सर्वप्रथम जटा कापण्याआधी आणि आंघोळ घालण्याआधी त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत: दोन्ही बाजूंनी, समोरून, आणि अंगावर एखादा डाग, व्रण किंवा खूण असल्यास तिचे जवळून. केस भादरलेला पांढरा कुत्रा आणि केसाळ पांढरा कुत्रा यांच्यात घरच्या माणसांचीसुद्धा गफलत होते.

त्यानंतर त्याला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन मायक्रोचिप आहे का ते पाहावे. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप साधारणपणे दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवलेली असते, पण वर्षानुवर्षे ती सरकून दंडापर्यंत किंवा छातीच्या बाजूला येऊ शकते. म्हणून वाचकयंत्र मानेपासून पुढच्या दोन्ही पायांपर्यंत सावकाश फिरवायला सांगावे. चिपमधून पंधरा अंकी क्रमांक तेवढा मिळतो. तिच्यात मालकाचे नाव नसते आणि कुत्रा कुठे आहे हेही ती सांगत नाही. आपल्या देशात सर्व चिपांची एकत्र नोंदवही नसल्यामुळे तो क्रमांक ज्या दवाखान्याने, विक्रेत्याने किंवा कंपनीने नोंदवला त्यांच्याकडूनच माग काढावा लागतो. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंद झालेल्या कुत्र्यांना चिप असते, त्यामुळे तसा क्रमांक मिळाल्यास चेन्नईच्या त्यांच्या कार्यालयालाही विचारता येते. चिप निघाली नाही तरी दवाखान्यात जाणे वाया जात नाही, कारण हरवलेल्या कुत्र्याचे मालक बहुतेक वेळा परिसरातल्या दवाखान्यांत चौकशी करतात. आपला दूरध्वनी क्रमांक आणि कुत्र्याचे छायाचित्र निदान चार-पाच दवाखान्यांत ठेवावे. कुत्रा जखमी असता तर १९६२ या क्रमांकावर राज्याच्या फिरत्या पशुचिकित्सा वाहनाला बोलावता आले असते. आपल्याला सध्या त्याची गरज दिसत नाही.

आता घरच्यांच्या प्रकृतीविषयी. आपल्या कुत्रीला आणि त्याला निदान दोन आठवडे एकत्र येऊ देऊ नये. दोघांची भांडी, अंथरूण आणि फिरायची जागा वेगळी असावी आणि त्याची विष्ठा लगेच उचलावी. पार्वो आणि डिस्टेंपर हे रोग बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यातही दबून असू शकतात, आणि पार्वोचे विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतात. साध्या फिनेलवर विसंबू नये. ब्लीचच्या पातळ द्रावणाने फरशी पुसावी. आपल्या कुत्रीचे लसीकरण वेळच्या वेळी झालेले असेल तर काळजीचे कारण पुष्कळ कमी होते.

रेबीजच्या बाबतीत मात्र कोणतीही सूट घेऊ नये. त्याने चावले, नखाने ओरखडा काढला किंवा त्याची लाळ उघड्या जखमेवर लागली, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. शासकीय रुग्णालयांत ती उपलब्ध असते. जुन्या इंदूरकरांना त्यासाठी लाल अस्पताल, म्हणजे हुकुमचंद पॉलिक्लिनिक, ठाऊक आहे. कातडीत टोचल्या जाणाऱ्या लसीचे दिवस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस असे असतात, आणि जखम खोल असेल तर त्याबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते, पण त्या दहा दिवसांच्या वाटेवर माणसाची लस थांबवायची नसते. मुलीला सांगावे की तो खात असताना किंवा झोपेत असताना त्याच्या अंगाला हात लावू नये. ज्या बाजूच्या डोळ्याने त्याला दिसत नाही त्या बाजूने तर कोणीच अचानक जाऊ नये.

खाणे थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा द्यावे. दहीभात, उकडलेले अंडे किंवा मिठाशिवाय शिजवलेली कोंबडी चालेल. सणाचे दिवस आहेत म्हणून मुद्दाम लिहितो: चिवड्यातले मनुके आणि तळलेला कांदा, तसेच चॉकलेट, हे कुत्र्याला विषासमान आहे. गोचिडी चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढाव्यात आणि साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. रॉकेल अजिबात लावू नये. खिडकी आणि गच्ची बंद ठेवावी, कारण ग्यारसेपर्यंत, म्हणजे कार्तिकी एकादशीपर्यंत, फटाके वाजत राहतील आणि घाबरलेला कुत्रा दुसऱ्या मजल्यावरूनही उडी मारतो.

मालकाचा शोध कुठे घ्यावा, असे आपण विचारले आहे. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के मालकांना परत मिळालेले आढळले, आणि त्यांपैकी जवळपास निम्मे आजूबाजूचा परिसर पायी धुंडाळल्याने मिळाले होते. गळ्यातल्या पट्टीमुळे किंवा चिपमुळे मिळालेल्यांचे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. आपल्याकडची परिस्थिती वेगळी असली, तरी मोतीबिंदू झालेला म्हातारा कुत्रा फार लांबून चालत आलेला नसावा, ही शक्यता मला सर्वांत बळकट वाटते.

उत्तर २ (सुदामानगर, इंदूर)

मी या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिलेले आहे, कारण आमचा कुत्रा अशाच एका रात्री घरातून निघून गेला होता आणि तो परत मिळाला. त्या अनुभवावरून सांगतो की ज्याचे जनावर हरवते तो माणूस पहिले काही दिवस व्हॉट्सअॅप पाहत बसत नाही, तो रस्त्यावर असतो. आपले पत्रक त्याला रस्त्यावरच दिसले पाहिजे.

मंडळाच्या मराठी गटात टाकलेली सूचना मराठी घरांपर्यंतच पोहोचते. आपला अंदाज बरोबर असेल आणि हा कुत्रा हिंदी बोलणाऱ्या घरातला असेल, तर त्याचे मालक त्या गटात असण्याचे कारणच नाही. पत्रक हिंदीत, मोठ्या अक्षरांत आणि मोजक्या शब्दांत असावे, त्यात छायाचित्र असावे आणि दूरध्वनी क्रमांक लांबून वाचता येईल एवढा ठळक असावा. पत्ता लिहू नये. सकाळी पोहे-जिलेबीच्या ठेल्यापाशी निम्मी वसाहत उभी असते, ती जागा सर्वांत उत्तम. त्याखेरीज किराणा दुकान, दूध केंद्र, औषधांचे दुकान आणि रेल्वेपुलाच्या दोन्ही बाजू सोडू नयेत. पत्रक ए. बी. रोडच्या पलीकडेही लावावे. एवढा वाहता रस्ता कुत्रा ओलांडणार नाही असे आपण गृहीत धरतो, पण मध्यरात्री तो रस्ता बराच रिकामा असतो. चोइथराम मंडीत भाजीच्या गाड्या रात्री येतात-जातात, तेव्हा तिथल्या हमालांना आणि चहावाल्यालाही विचारून ठेवावे.

आपल्या शहरात आणखी एक सोय आहे आणि तिचा उपयोग कोणी फारसा करत नाही. महापालिकेची कचरागाडी रोज सकाळी प्रत्येक घरासमोर थांबते. त्या गाडीवरची माणसे आठवड्याचे सातही दिवस तीच दारे पाहतात. कोणत्या घरात कुत्रा आहे, तो कोणत्या रंगाचा आहे, अंगावर येतो की शेपूट हलवतो, हे त्यांना आपल्यापेक्षा नेमके ठाऊक असते. आमचा कुत्रा त्यांच्यापैकीच एका भाऊंनी ओळखला होता. छापील पत्रकाची एक प्रत आपल्या गाडीवर द्यावी आणि शेजारच्या भागांतल्या गाड्यांपर्यंत ती पोहोचवण्याची विनंती करावी. दूध घालणारे, वर्तमानपत्र टाकणारी मुले आणि पहाटे कुत्री फिरवणारी माणसेही अशीच उपयोगी पडतात.

रोज संध्याकाळी त्याला जिथे सापडला तिथून वेगवेगळ्या दिशांना फिरवून आणावे. म्हातारा कुत्रा आपली गल्ली वासावरून ओळखतो आणि एखाद्या वळणावर आपोआप ओढ घेतो. फक्त गळ्यातल्या साध्या पट्ट्यावर विसंबू नये. छातीभोवतीचा पट्टा बांधावा, कारण फटाक्याचा आवाज झाला की केसाळ कुत्र्याची मान साध्या पट्ट्यातून सहज निसटते.

उत्तर ३ (स्कीम क्रमांक ७८, इंदूर)

सर्वांचा आदर राखून मी थोडे वेगळे मत मांडते. मालक शोधायला हवा हे मान्य आहे, पण मालक सापडला म्हणजे कुत्रा त्याच्याकडे द्यायलाच हवा, हे मला पटत नाही. मी रस्त्यावरच्या प्राण्यांसाठी काही वर्षे काम करत आहे आणि मानेत साखळी रुतलेले, गच्चीवर उन्हात बांधून ठेवल्यामुळे पळून आलेले कुत्रे मी स्वतः उचललेले आहेत. अशा घरांतली माणसेसुद्धा ‘आमचा कुत्रा’ म्हणून हक्काने येतात, कारण त्यांना राखणीसाठी तो हवा असतो. ताईंच्या या कुत्र्याच्या डोळ्यावर उपचार झालेले दिसत नाहीत, अंगावर जटा आहेत. त्याला तिथेच परत पाठवणे म्हणजे आपण त्याच्या दुःखाला हातभार लावणे नव्हे का? आपल्याला मुके जनावर विचारू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने विचार करणे आपले कर्तव्य आहे असे मी मानते. डॉक्टर आणि कायदा जाणणाऱ्यांनी यावर कृपया स्पष्ट लिहावे.

उत्तर ४ (वकील, इंदूर)

वरच्या प्रश्नामागची कळकळ मला समजते, आणि तिचे उत्तर कायद्यात आहे. फक्त ते आपण घरबसल्या घेतलेल्या निर्णयात नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाळीव कुत्रा ही त्याच्या मालकाची जंगम मालमत्ता आहे. हे वाचायला रुक्ष वाटते, पण सापडलेल्या कुत्र्याला त्यामुळेच संरक्षण मिळते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्यावर, विश्वासाने सोपवलेली वस्तू सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. म्हणजे ताईंनी त्याला स्वतःच्या कुत्र्याइतक्या काळजीने सांभाळायचे आहे. कलम १६८ प्रमाणे त्याच्या औषधपाण्यावर आणि मालकाच्या शोधावर झालेल्या खर्चासाठी त्यांना दावा लावता येणार नाही, परंतु तो खर्च मिळेपर्यंत कुत्रा स्वतःकडे ठेवण्याचा अधिकार त्यांना आहे. मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केले असेल, तर त्यासाठी मात्र दावाही लावता येतो. म्हणून दवाखान्याच्या आणि औषधांच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

दुसरी बाजू भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ ची आहे. मालक कोण हे ठाऊक असताना, किंवा ते कळण्याचे साधन हाताशी असताना, अथवा त्याला शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता आणि वाजवी काळ न थांबता सापडलेली वस्तू आपलीशी करणे हा अपहार ठरतो, आणि त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड आहे. केवळ जपण्यासाठी किंवा परत करण्यासाठी वस्तू उचलणारा मात्र दोषी नसतो, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलेले आहे. वाजवी काळ म्हणजे नेमके किती दिवस, हे कायद्याने बांधून दिलेले नाही. पत्रके, दवाखाने आणि पोलीस ठाणे या तिन्ही वाटा वापरून निदान महिनाभर थांबावे असे मी अशिलांना सांगते. पोलीस ठाण्यात आजच साधा लेखी अर्ज द्यावा. कुत्रा कधी, कुठे सापडला, त्याचे वर्णन आणि तो सध्या आपल्याकडे आहे एवढेच त्यात लिहावे आणि प्रतीवर पोच घ्यावी. पुढे कोणी चोरीचा आरोप केला तर हा एक कागद पुरेसा बोलतो. पत्रकांची छायाचित्रेही तारखेसह ठेवावीत.

आता क्रूर मालकाविषयी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम आहे. त्याच्या कलम ११ मध्ये उपाशी ठेवणे, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बराच काळ बांधून ठेवणे आणि भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे, हे सर्व गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा दहा ते पन्नास रुपये आहे, आणि आजच्या काळात तो लज्जास्पद म्हणावा इतका अपुरा आहे. पण त्याच अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे मालकाला दोषी ठरवल्यावर, जनावर त्याच्याकडे राहिल्यास पुन्हा छळ होईल असे दिसले तर न्यायालय त्याची मालकी काढून घेऊ शकते. मालकी काढून घेण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, सापडणाऱ्याला नाही. त्यामुळे साखळीचे व्रण, उपासमारीची लक्षणे किंवा मारहाणीच्या खुणा असतील तर पशुवैद्याकडून लेखी प्रमाणपत्र घ्यावे, छायाचित्रे काढावीत आणि त्यांच्या आधारे तक्रार करावी. मोतीबिंदू आणि जटा एवढ्यावरून कोणत्याही न्यायालयात क्रूरता सिद्ध होणार नाही, आणि माझ्या मते होऊही नये. ज्या घरात म्हातारा कुत्रा आणि म्हातारी माणसे दोन्ही आहेत, तिथे कुत्र्याच्या डोळ्याची शस्त्रक्रिया मागे पडणे हा छळ नव्हे.

इमारतीच्या सचिवांना नम्रपणे सांगावे की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गृहनिर्माण संस्थांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. आपण लेखी कळवावे की कुत्रा तात्पुरता आहे, वैद्यकीय तपासणी झालेली आहे आणि मालकाचा शोध चालू आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे एवढ्याने बहुतेक सचिवांचे समाधान होते.

जाता जाता एक गोष्ट लिहून ठेवते, कारण पुढे कोणी हे वाचून पोपटासाठी तसेच करायला जाईल. आपल्याकडचा हिरवा, गळ्यात कंठ असलेला पोपट सापडला तर मालक शोधणारी पत्रके लावू नयेत. तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, त्याला पाळणेच बेकायदा आहे आणि त्याला वनविभागाकडे सोपवणे हाच योग्य मार्ग आहे.

मूळ प्रश्नकर्तीचे निवेदन

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे आधी छायाचित्रे काढली आणि मग दवाखान्यात नेले. चिप निघाली नाही. डॉक्टरांनी दात पाहून वय दहाच्या पुढे असावे असे सांगितले आणि त्याची नसबंदी झालेली आहे, टाक्यांची जुनी खूण दिसते, हेही दाखवले. ठाण्यात अर्ज दिला आणि पोच मिळाली. हिंदी पत्रके लावली.

कचरागाडीवरच्या ताईंना पत्रक दिले, तेव्हा त्यांनी ते पलीकडच्या भागातल्या गाडीवाल्यांकडे पाठवले, आणि तिथून निरोप आला की रस्त्याच्या पलीकडे एका घरात असाच कुत्रा होता. ते घर दिवाळीच्या आदल्या दिवसापासून बंद आहे. शेजाऱ्यांकडून कळले की मंडळी सणाला गावी गेली आहेत आणि कुत्रा सांभाळायला ओळखीच्या कोणाकडे ठेवला होता. ती ओळखीची व्यक्ती कोण, हे शेजाऱ्यांना सांगता आले नाही. त्याच दिवशी एका अनोळखी क्रमांकावरून दूरध्वनी आला. बोलणारा म्हणाला की तोच त्या घरचा माणूस आहे आणि कुत्रा संध्याकाळी न्यायला मुलगा पाठवतो. मी होकार दिलेला नाही. अशा वेळी खात्री कशी करावी आणि घरची मंडळी परत येईपर्यंत काय करावे?

उत्तर ५ (वकील, इंदूर)

होकार दिला नाहीत हे फार चांगले झाले. पांढरा, केसाळ आणि शांत कुत्रा हवा असणारी माणसे पुष्कळ असतात, आणि पत्रक वाचून मालक असल्याचे भासवणे कठीण नाही. म्हणूनच एखादी खूण पत्रकात कधीही लिहू नये आणि येणाऱ्यालाच ती विचारावी. नसबंदी झालेली आहे का, मोतीबिंदू कोणत्या डोळ्यात आहे, पोटावर किंवा कानात काही खूण आहे का, कोणत्या आज्ञा कळतात, हे ज्याने दहा वर्षे सांभाळले तो क्षणात सांगेल. पत्रकावरच्या छायाचित्रात उजवा डोळा स्पष्ट दिसत असेल तर तो प्रश्न गाळावा.

त्या गृहस्थांना सांगावे की आधी व्हिडिओवर बोलू, तेव्हा त्यांनी कुत्र्याला नावाने हाक मारावी. जुनी, वेगवेगळ्या वर्षांची छायाचित्रे आणि लसीकरणाचे पुस्तक मागावे. पुस्तकावर ज्या दवाखान्याचा शिक्का असेल तिथे स्वतः विचारावे. कुत्रा मुलाच्या, वाहनचालकाच्या किंवा सोसायटीच्या पहारेकऱ्याच्या हाती देऊ नये. घरच्या माणसाने यावे, ओळखपत्राची प्रत द्यावी आणि कुत्रा मिळाल्याची दोन ओळींची पावती लिहून द्यावी. ज्यांनी पाळलेला कुत्रा हरवला आहे, त्यांना या अटींचा राग येत नाही. उलट, आपण एवढी काळजी घेतली याचे त्यांना समाधान वाटते. जो चिडतो किंवा घाई करतो, त्याच्याशी पुढचे बोलणे ठाण्यातच करावे.

ते घर बंद आहे तोपर्यंत दारावर बंद पाकिटात चिठ्ठी लावावी, शेजारच्या दोन घरी आपला क्रमांक द्यावा आणि ठाण्यातल्या अर्जाला जोडून ही नवी माहिती लेखी कळवावी. ज्यांच्याकडे कुत्रा ठेवला होता ती व्यक्ती कदाचित भीतीपोटी मालकांना अजून काही बोललेली नसेल. म्हणून चिठ्ठीत कोणालाही दोष देऊ नये. कुत्रा सुखरूप आहे आणि अमुक क्रमांकावर संपर्क करावा, एवढेच लिहावे.

उत्तर ६ (पशुवैद्य, इंदूर, पहिल्या उत्तराचे लेखक)

वकीलताईंनी सांगितलेल्यात वैद्यकीय बाजूने थोडी भर घालतो. कुत्रा दहा वर्षांपुढचा असेल तर तो एखादे नेहमीचे औषध घेत असण्याची शक्यता आहे. हृदयाचे, सांध्यांचे किंवा झटक्यांचे. मालकांशी संपर्क होताच पहिला प्रश्न औषधांचा विचारावा, आणि जो स्वतःला मालक म्हणवतो त्यालाही तोच विचारावा, कारण त्याचे उत्तर पत्रक वाचून देता येत नाही. तोपर्यंत माणसांच्या वेदनाशामक गोळ्या त्याला देऊ नयेत. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची एखादी गोळीसुद्धा कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करते.

कुत्र्याला लस लगेच टोचून घेण्याची घाई नको. मालकांच्या पुस्तकात ती झालेली असू शकते, आणि प्रवासाने व भीतीने थकलेल्या जनावराला आधी स्थिर होऊ द्यावे. महिनाभरात कोणी आलेच नाही आणि आपण त्याला ठेवून घ्यायचे ठरवले, तर रेबीजची आणि इतर रोगांची लस, जंतांचे औषध आणि मूत्रपिंड-यकृताची रक्ततपासणी एकदमच करून घेता येईल; मोतीबिंदूचा विचार त्यानंतर.

गोचिडी निघाल्या म्हणजे धोका टळला असे समजू नये. गोचिडीतून पसरणारा ताप एक ते तीन आठवड्यांनीही डोके वर काढतो. त्याने जेवण टाकले, अंग तापले, हिरड्या फिक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आले, तर मालकांची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे आणि रक्ततपासणी करून घ्यावी.